जागतिक नीतिमत्तेचे चौथे पुष्प

ज्या गावाच्या बसस्थानकावरचा पंखा फिरत नाही, त्या गावातही एक व्याख्यानमाला असते. नळाला पाणी दोन दिवसांआड येतं, पण वक्ता दरवर्षी न चुकता येतो. महाराष्ट्राला हा नाद लावला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी. १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि ती आजही एप्रिल-मेच्या उकाड्यात महिनाभर, रोज एक व्याख्यान या हिशेबाने, चालू आहे. तिचं बघून गावोगावी माळा निघाल्या. माळेतल्या व्याख्यानाला पुष्प म्हणायचं आणि वक्त्याने ते गुंफायचं, हा रिवाजही सगळीकडे सारखाच. वक्ता अणुयुद्धावर बोलला तरी दुसऱ्या दिवशी पेपरात त्याने पुष्पच गुंफलेलं असतं.

त्याच १८७५ साली स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले होते. रानडे आणि मंडळींनी त्यांची व्याख्यानं घडवून आणली. शेवटी स्वामींची मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांनी एक गाढव सजवलं, त्याला ‘गर्दभानंदाचार्य’ अशी पदवी दिली आणि त्याचीही मिरवणूक काढली. चिखलफेक झाली. आजच्यासारखी लाक्षणिक नव्हे, खऱ्या चिखलाची. जोतीराव फुले आणि त्यांचे सहकारी स्वामींच्या पाठीशी उभे राहिले, म्हणून प्रकरण निभावलं. सांगायचा मुद्दा असा की व्याख्यान आणि व्याख्यानावरची प्रतिक्रिया या दोन्ही परंपरा आपल्याकडे एकाच वर्षी, एकाच शहरात बाळसं धरत होत्या. पुढच्या दीडशे वर्षांत फरक इतकाच पडला की चिखलाचं काम आता व्हॉट्सअ‍ॅपवर होतं आणि गाढवाला त्रास होत नाही.

आमचं गाव नाशिक जिल्ह्यातलं, तालुक्याचं. माळ पाच दिवसांची. पहिलं पुष्प संतसाहित्याचं, कारण उद्‌घाटनाला आमदार येतात आणि संतांवर कुठल्याच पक्षाचा आक्षेप नसतो. दुसरं शिवकालाचं, त्या दिवशी खुर्च्या कमी पडतात. तिसरं आरोग्याचं, म्हणजे एका वर्षी गुडघे आणि एका वर्षी साखर. पाचव्या दिवशी एखाद्या नटाची प्रकट मुलाखत. त्या दिवशी पोलीस लागतात. राहिला चौथा दिवस. तो हमखास आडवारी येतो, त्या दिवशी वर्षातली मोठी लग्नतिथी असते आणि रात्री आयपीएलमध्ये मुंबईची मॅच असते. त्या दिवशी आम्ही जग ठेवतो.

जग ठेवायचंच कशाला, असं खजिनदार दरवर्षी विचारतात. अध्यक्षांचं उत्तर ठरलेलं आहे : “आपली माळ नुसती करमणुकीची आहे असं उद्या कुणी म्हणायला नको.” चौथ्या पुष्पाचे प्रायोजक म्हणजे गावातली एक पतसंस्था. त्यांच्या चेअरमनसाहेबांनी एकदा हळूच चौकशी केली, “भाषणात सहकाराचा उल्लेख येईल का हो?” मी म्हणालो, “आंतरराष्ट्रीय सहकार्याचा येईल.” ते म्हणाले, “मग चालेल,” आणि चेकवर सही केली. इतक्या झटपट करार जिनिव्हातही होत नसतील.

विषय ठरवायच्या बैठकीला चहा दोनदा होतो. जुन्या इतिवृत्तांत पाहिलं तर चौथ्या पुष्पाची शीर्षकं अशी सापडतात : ‘बदलते जग आणि भारत’, ‘भारत आणि बदलते जग’, ‘बदलत्या जगात भारत’, आणि एका वर्षी समितीत क्रांती झाली तेव्हा ‘जग बदलतेय, भारत कुठे?’. जग एवढं बदललं, शीर्षक काही बदललं नाही. यंदा समितीत नव्याने आलेल्या एका प्राध्यापिकाबाईंनी सुचवलं, “आपण जागतिक नीतिमत्तेवर ठेवू या. श्रीमंत देशांची गरीब देशांबद्दल जबाबदारी काय, निर्वासितांना कुणी घ्यायचं, हवामान बिघडवलं कुणी आणि भरपाई कुणी द्यायची, असं.”

बैठकीत शांतता पसरली. खजिनदार म्हणाले, “ताई, विषय उत्तम आहे, पण नीतिमत्तेला लोक येत नाहीत. त्यांना वाटतं, आपल्यालाच ऐकवायला बोलावलंय.”

“मग प्रश्नचिन्ह टाका,” अध्यक्ष म्हणाले. ते तीस वर्षं हेडमास्तर होते. पत्रिकेवर छापलं गेलं : ‘जागतिक राजकारणात नीतिमत्ता उरली आहे का?’ उत्तर ‘नाही’ असं आधीच ठाऊक असलं की माणूस खात्री करून घ्यायला येतो, हा त्यांचा अनुभव.

विषयानंतर वक्ता. आंतरराष्ट्रीय विषयाचे वक्ते बाजारात चार प्रकारांत मिळतात. पहिला प्रकार निवृत्त राजदूत. हे अतिशय सुसंस्कृत असतात, चहात साखर किती हे विचारलं तरी दोन्ही बाजूंचा विचार करतात. आयुष्यभर काही न बोलण्याचा पगार घेतलेला असल्यामुळे दीड तास बोलूनही काही बोलत नाहीत. दुसरा प्रकार निवृत्त लष्करी अधिकारी. हे वेळेवर येतात, त्यामुळे आपली पंचाईत होते. त्यांना भिंतभर नकाशा लागतो आणि छडी लागते. नकाशा शाळेतून आणावा लागतो आणि त्यावर सोव्हिएत युनियन अजून शाबूत असतो. तिसरा प्रकार प्राध्यापकांचा. यांच्या पेनड्राइव्हमध्ये स्लाइड्स असतात आणि त्या आपल्या लॅपटॉपवर उघडत नाहीत. चौथा प्रकार नवा : यूट्यूबवरचे विश्लेषक. यांनी तिसरं महायुद्ध आतापर्यंत अनेकदा सुरू करून दाखवलेलं असतं आणि प्रत्येक वेळी थंबनेलवर त्यांचं तोंड उघडं असतं. गर्दी यांना सर्वांत जास्त होते. मानधनाचा आकडा ऐकून तोंड उघडं पडतं ते मात्र आमच्या खजिनदारांचं.

आम्ही यंदा प्राध्यापक निवडले. त्यात नीतिमत्तेचा भाग कमी आणि अंदाजपत्रकाचा जास्त होता.

अंदाजपत्रकावरून आठवलं. अशा व्याख्यानांचा खरा आधारस्तंभ वक्ता नसतो, पैसे देणारा असतो, आणि या जातीतला आजवरचा सर्वांत मोठा यजमान म्हणजे अमेरिकेतला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी. जगात शांतता नांदावी म्हणून या गृहस्थाने १९१० साली १ कोटी डॉलर काढून दिले. संस्था काढली. देणगीपत्रात लिहून ठेवलं की युद्ध नावाचा प्रकार जगातून संपला, की विश्वस्तांनी मानवजातीला लागलेला त्याच्या खालोखालचा कलंक कोणता ते ठरवावं आणि उरलेला पैसा तिकडे वळवावा. हेगमधल्या शांतता प्रासादाला त्याने त्याआधीच पैसा दिला होता. त्याचं उद्‌घाटन १९१३ च्या ऑगस्टमध्ये झालं. मग १९१४ च्या फेब्रुवारीत आणखी २० लाख डॉलर देऊन धर्मगुरूंची एक शांतता संघटना काढली. आंतरराष्ट्रीय नीतिमत्तेवर व्याख्यानं भरवणारी न्यूयॉर्कची कार्नेगी कौन्सिल ती हीच.

या नव्या संघटनेने पहिला मोठा कार्यक्रम घेतला जर्मनीत, कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी. देशोदेशींचे पाहुणे, विषय जागतिक शांतता, तारीख १९१४ च्या ऑगस्टचा आरंभ. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. शांततेचे प्रतिनिधी परिषद आटोपती घेऊन, मिळेल त्या गाडीने, सैनिकांच्या गर्दीतून बाहेर पडले.

ही हकिकत मी बैठकीत सांगितली तेव्हा सगळे हळहळले. खजिनदारांचा चेहरा मात्र सर्वांत जास्त उतरला होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “हॉलची अनामत परत मिळाली असेल का त्यांना?”

हसण्यावारी नेऊ नका. आयोजक नावाच्या प्राण्याची जगाकडे बघायची ही खास नजर असते. रशियाने युक्रेनमध्ये सैन्य घुसवलं त्या आठवड्यात सारं जग सुन्न झालं होतं आणि आमचे अध्यक्ष मला फोनवर सांगत होते, “विषय एकदम ताजा झाला बघ. एप्रिलपर्यंत टिकेल ना?” माणूस दुष्ट नाही. घरी टीव्हीवर खारकीव्हमधल्या म्हाताऱ्या बायका बघून त्यांनी जेवण अर्धं सोडलं होतं, हे काकूंनी मला सांगितलं. पण कार्यक्रम डोक्यात असला की माणसाच्या मनात करुणा आणि पत्रिका शेजारी शेजारी बसतात आणि दोघींना एकमेकींची लाज वाटत नाही.

लंडनच्या चॅटम हाउसमध्येही आंतरराष्ट्रीय विषयांवर बोलायला लोक जमतात. तिथे १९२७ पासून एक नियम आहे. सभेत काय बोललं गेलं ते तुम्ही बाहेर खुशाल वापरा, पण कोण बोललं ते सांगायचं नाही. त्यामुळे माणसं मोकळी बोलतात म्हणे. आमच्याकडे हा नियम न करताही उलट्या बाजूने पाळला जातो. कोण बोललं ते सगळ्या तालुक्याला माहीत असतं, काय बोललं ते कुणी सांगू शकत नाही. “परवाचं व्याख्यान कसं झालं?” असं विचारा. “माणूस मोठा आहे हो! पण एकदम साधा. वडापाव खाल्ला आपल्याबरोबर.” गुप्तता याहून चांगली कशी राखायची?

आता प्रत्यक्ष दिवस. जागतिक नीतिमत्ता ही हवेतली गोष्ट नाही, तिचा एक लेखी मसुदा आहे. १९९३ साली शिकागोत सर्वधर्म परिषद भरली, तेव्हा हान्स क्यूंग या धर्मशास्त्रज्ञाने तयार केलेला जाहीरनामा तिथे मांडला गेला. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत : अहिंसा आणि जीवमात्राबद्दल आदर, न्याय्य अर्थव्यवस्था, सहिष्णुता आणि सत्यनिष्ठा, स्त्री-पुरुषांची बरोबरी. २०१८ मध्ये पाचवी घातली, पृथ्वीची काळजी. आमचे प्राध्यापक या पाचही तत्त्वांवर बोलणार होते. ते मोटारीतून उतरायच्या आधी सभागृहात पाचांचं काय झालं, ते क्रमाने सांगतो.

अहिंसा. पहिल्या रांगेवर ‘निमंत्रितांसाठी राखीव’ अशा चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या. ज्येष्ठ नागरिक संघाच्या दोन सभासदांनी त्या सोलून काढल्या आणि तिथे रुमाल ठेवले. मग नगरसेवकांची माणसं आली आणि त्यांनी रुमाल काढले. पुढची दहा मिनिटं त्या रांगेत जी भाषा झाली ती सुरक्षा परिषदेच्या इतिवृत्तात बसणारी नाही. शेवटी रांगेच्या मधोमध दोन खुर्च्या रिकाम्या सोडून दोन्ही पक्ष बसले. त्या रिकाम्या पट्ट्यात रात्री साडेनवापर्यंत कुणी पाऊल ठेवलं नाही. कोरियातही फार वेगळं काही केलेलं नाही.

न्याय्य अर्थव्यवस्था. वक्त्याला पाकीट, शाल, श्रीफळ. साऊंडवाल्याशी मात्र तीन दिवस घासाघीस. तो म्हणत होता, दर तोच, पण दोन कॉर्डलेस माईक. समिती म्हणत होती, दर निम्मा, पण स्टेजवर तुझ्या नावाचा उल्लेख करू. तो बिचारा म्हणाला, “साहेब, उल्लेखावर डिझेल मिळत नाही.” विकसनशील देशांची बाजू मी याहून नेमक्या शब्दांत ऐकलेली नाही.

सत्यनिष्ठा. स्थानिक वार्ताहरांची बातमी दुपारी चारपर्यंत जावी लागते. व्याख्यान साडेसहाला. त्यामुळे ‘सभागृह तुडुंब भरले होते’, ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले’ आणि ‘टाळ्यांचा कडकडाट’ या तीन घटना आमच्या गावात व्याख्यानापूर्वीच घडून गेलेल्या असतात. नंतरचं व्याख्यान म्हणजे त्या बातमीचा पुरावा.

स्त्री-पुरुष बरोबरी. मंचावर पाच खुर्च्या, पाच पुरुष. रांगोळी, स्वागतगीत, ट्रे धरणं आणि ट्रेवरचा रुमाल ऐन वेळी काढणं ही खाती महिलांकडे. विषय सुचवणाऱ्या प्राध्यापिकाबाईंना आभार मानायला सांगितलं होतं, म्हणजे ज्या वेळी लोक चपला शोधत असतात त्या वेळी बोलायला. त्यांनी शांतपणे एक सहावी खुर्ची स्वतः उचलून मंचावर नेली आणि तिच्यावर बसल्या. कुणी काही बोललं नाही. मला वाटतं, त्या संध्याकाळचं सर्वांत परिणामकारक भाषण ते होतं.

पृथ्वीची काळजी. प्रवेशद्वारावर वीस फुटी फ्लेक्स, त्यावर वक्त्यापेक्षा मोठे प्रायोजकांचे फोटो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले पुष्पगुच्छ. प्रत्येक पाहुण्यासमोर पाण्याची सीलबंद बाटली, तिच्यातलं दोन घोट पाणी पिऊन ती तिथेच सोडलेली. पाचवं तत्त्व उशिरा आलं, तेव्हा ते आमच्यापर्यंत पोहोचायलाही वेळ लागेल, अशी मी मनाची समजूत घातली.

दीपप्रज्वलनाला पंख्यामुळे ज्योत टिकेना, म्हणून पंखे बंद केले. पंखे बंद म्हणून मान्यवरांना घाम. घाम पुसण्यात प्रास्ताविक गेलं. मग पंखे पुन्हा लावले आणि अध्यक्षांनी परिचय करून दिला. परिचयात वक्त्याची गावाशी असलेली नाळ शोधावीच लागते. ती शोधता शोधता निघालं की प्राध्यापकांच्या आत्याचं सासर आमच्या शेजारच्या गावचं. टाळ्या पडल्या. इथपर्यंत सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि जगाचं नावही कुणी काढलेलं नव्हतं.

प्राध्यापक उभे राहिले. सुरुवात त्यांनी इमॅन्युएल कांटच्या विनोदाने केली. १७९५ साली कांटने चिरंतन शांततेवर निबंध लिहिला. त्याच्या आरंभी तो एका डच खानावळवाल्याच्या पाटीची गोष्ट सांगतो : पाटीवर लिहिलेलं ‘चिरंतन शांतता’, आणि खाली चित्र कब्रस्तानाचं. प्राध्यापक थांबले. सभागृह गंभीर होतं. मागच्या रांगेतून एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं ते मात्र सगळ्यांना ऐकू गेलं : “शाकाहारी होती का खानावळ?”

भाषणाच्या लांबीचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय व्यासपीठाची कीर्ती त्या बाबतीत मुळीच चांगली नाही. कृष्ण मेनन १९५७ च्या जानेवारीत सुरक्षा परिषदेत काश्मीरवर बोलले ते दोन दिवस मिळून सुमारे आठ तास. फिडेल कॅस्ट्रोने १९६० मध्ये आमसभेत ‘थोडक्यात बोलतो’ अशा अर्थाचं आश्वासन देऊन ४ तास २९ मिनिटं घेतली. हल्ली आमसभेत राष्ट्रप्रमुखांनी १५ मिनिटांत आवरावं अशी अपेक्षा असते. ती स्वखुशीने पाळायची असल्यामुळे पाळली जात नाही. आमच्याकडे यासाठी चिठ्ठी असते. पहिली चिठ्ठी सव्वा तासाने गेली : ‘पाच मिनिटे’. प्राध्यापकांनी ती वाचली, हसले आणि म्हणाले, “मला चिठ्ठी आली आहे, त्यामुळे आता मी मूळ विषयाकडे वळतो.”

मूळ विषय म्हणजे पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचं तळं. १९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते, उपासमारीने मरत होते, आणि श्रीमंत देश हातचं राखून मदत करत होते. त्या वेळी सिंगरने एक लेख लिहिला, तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला दाखला असा : तुम्ही रस्त्याने चालला आहात. शेजारी उथळ तळं आहे. त्यात एक मूल बुडतंय. तुम्ही आत उतरलात तर कपडे चिखलाने खराब होतील, बाकी काही नाही. उतराल की नाही? उतरणारच. मग मूल समोर न बुडता हजारो मैलांवर बुडत असलं तर तुमचं कर्तव्य कमी कसं होतं? अंतराने नीती बदलते का?

जगातल्या विद्यापीठांत पन्नास वर्षं या तळ्याभोवती वाद चालू आहेत. आमच्या सभागृहात तो दहा मिनिटांत मार्गी लागला. पहिला प्रश्न आला, “तळं कुणाच्या हद्दीत आहे? नगरपालिकेच्या की पाटबंधारे खात्याच्या?” दुसरा, “कठडा का नव्हता?” तिसरे एक निवृत्त तलाठी, ते म्हणाले, “सर, मूल बाहेर काढलं तर पंचनाम्याला आपल्यालाच बोलावतात. मी सांगतो ना अनुभवाने.” प्राध्यापक घाम पुसत म्हणाले, “अहो, हे काल्पनिक तळं आहे.” “मग मूल खरं कशावरून?” असं चौथ्याने विचारलं आणि ऑक्सफर्डला न सुचलेला आक्षेप नोंदवून तो खाली बसला.

प्रश्नोत्तरांना खरा रंग इथून चढला. आमच्याकडे माईक हाती आलेला माणूस “माझा प्रश्न नाही, पण” अशी सुरुवात करतो, तेव्हा तो खरंच बोलत असतो. एका गृहस्थांनी आपली मुलगी न्यू जर्सीला असल्याचं सांगितलं. पुढे काही विचारतील म्हणून आम्ही वाट पाहिली. तेवढंच सांगायचं होतं. एका तरुणाने, महासत्ता आपण कधी होणार त्याची तारीख मागितली. एकाने संयुक्त राष्ट्रसंघ बरखास्त करावा असा ठराव मांडला आणि हात वर करून अनुमोदनही स्वतःच दिलं.

मग मागून एक शेतकरी उठले. टोपी काढून हातात धरली. म्हणाले, “सर, तुम्ही म्हणालात, लांबच्या माणसाचं दुःखही आपलंच. पटलं. आता मला सांगा. डिसेंबर तेवीसला सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे चोवीसला उठवली. तोवर माझा कांदा इथे मातीमोल झाला, आणि आपल्याच कांद्यावर अवलंबून असलेल्या बांगलादेशात तो महाग झाला. दिल्लीतल्या माणसाला स्वस्त मिळावा म्हणून हे केलं. आता यात बुडणारं मूल कोण? मी, ढाक्यातली बाई, का दिल्लीतलं गिऱ्हाईक?”

सभागृहात पहिल्यांदाच पंख्याचा आवाज ऐकू आला. प्राध्यापकांनी पाण्याची बाटली उघडली.

ते प्रामाणिक गृहस्थ होते. म्हणाले, “याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.” आणि मग स्लाइड्स बाजूला ठेवून बोलायला लागले. २०१९ च्या सप्टेंबरअखेर अशीच बंदी आली होती, तेव्हा ऑक्टोबरमध्ये दिल्लीला आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांनी भर व्यासपीठावर हसत हसत तक्रार केली होती की आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, आता मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय. लोक हसले. हसता हसता त्यांच्या ध्यानात आलं की एका पंतप्रधानांच्या स्वयंपाकघरातली फोडणी आपल्या बाजार समितीतल्या लिलावाला बांधलेली आहे.

मग द्राक्षवाले उठले. २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षं अडवली ती क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाच्या अंशामुळे, हे त्यांनी त्या नावाचा उच्चार न अडखळता सांगितलं. २०२३ च्या अखेरीला हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. मग जहाजं सुवेझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. त्या हंगामात एका कंटेनरचं भाडं किती चढलं आणि रॉटरडॅमला माल किती उशिरा पोहोचला, हे दोघा-तिघांनी एकमेकांना दुरुस्त करत सांगितलं. बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी नकाशावर कुठे आहे हे दाखवायला प्राध्यापकांना छडी लागली. आमच्या शेतकऱ्याने ती मागच्या रांगेतून बोटाने दाखवली. एका बाईंनी विचारलं, युरोपवाले आमच्या द्राक्षाचा मणी न् मणी तपासतात, तर त्यांनी बंदी घातलेली औषधं त्यांच्याच कंपन्या आम्हाला विकतात ती कुठल्या नीतीत बसतात? प्राध्यापकांनी हा प्रश्न वहीत लिहून घेतला. वक्ता लिहितोय आणि श्रोते सांगताहेत, हे दृश्य आमच्या माळेत नवं होतं.

अध्यक्ष अस्वस्थ होते. त्यांनी मला खूण केली. घड्याळात साडेनऊ झाले होते आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालवता येत नाही. बाईंनी आभार मानले. दोन मिनिटांत, आणि पहिल्यांदा साऊंडवाल्याचे, नाव घेऊन. त्याने मागून माईकचा आवाज थोडा वाढवला.

दुसऱ्या दिवशी समितीत वाद झाला. एक पक्ष म्हणाला, आंतरराष्ट्रीय विषय होता, लोकांनी तो कांद्यावर आणला, आपला श्रोता अजून तयार नाही. अशी तक्रार दर वर्षी, दर गावी होते आणि ती साफ खोटी आहे. ‘जागतिक’ हा विषय बाहेरून पाहुण्याच्या गाडीतून येतो आणि रात्री परत जातो, अशी समजूत आयोजकांची असते, श्रोत्यांची नव्हे. बंदीचा हुकूम, बंदरातला संप, कुठल्या तरी आखातातली गोळीबारी ही सगळी आमच्या तालुक्यात वक्त्याच्या आधी येऊन मुक्काम ठोकून बसलेली असतात. त्यामुळे कांद्यावरून प्रश्न विचारणारा माणूस विषयाबाहेर जात नाही, उलट वक्त्याला विषयात आणतो. आणि नीतिमत्तेचं म्हणाल, तर ती साऊंडवाल्याच्या दरातून, सहाव्या खुर्चीतून आणि न पटणारं बोलणाऱ्याला माईक पूर्ण वेळ देण्यातून सुरू होते. हे गावात जमत नसेल तर ते न्यूयॉर्कमध्ये का जमत नाही, याचं नवल करण्यात अर्थ नाही.

कार्नेगीची अट अजून पुरी झालेली नाही. युद्ध संपलेलं नाही, म्हणून व्याख्यानं चालू ठेवणं भाग आहे. आमच्या माळेत पुढच्या वर्षीही चौथं पुष्प असेल, त्या दिवशीही लग्नतिथी असेल आणि मॅचही असेल. तरीही या. साडेसहा म्हणजे साडेसहाला या, राखीव चिठ्ठ्या सोलू नका, घरून पाण्याची बाटली आणा. प्रश्न विचाराल तेव्हा त्यात प्रश्न असू द्या, आणि तो आपल्या शेताचा, दुकानाचा, पोराच्या नोकरीचा असला तरी बेधडक विचारा. प्रवेश विनामूल्य आहे. फक्त आभार होईपर्यंत चपला शोधायला उठू नका.